आखाजीच्या आदल्या दिवसाची सही

१२ जानेवारी २०२५

जिजाऊ जयंतीच्या आठवड्यात आम्हा वक्त्यांची लगीनसराई असते. आज धुळ्यात बोलले. विषय माझा नेहमीचा, लेकीचा वाटा. सभागृह भरलेलं, मागे बायका भिंतीला टेकून उभ्या. मी म्हटलं, बापाच्या जमिनीतला हक्क भावाने द्यायचा नसतो आणि बहिणीने मागायचा नसतो. तो जन्माने असतो. टाळ्या थांबेनात.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं तर तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. हातात बाजाराची पिशवी. म्हणाली, "मॅडम, तुम्ही घेतला का तुमचा?"

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "वडील जाऊन दोन वर्षं झाली. सातबाऱ्यावर भावाच्या नावाखाली माझं नाव लागलंय, आणि ते लावायला माझा भाऊ स्वतः तलाठ्याकडे गेला होता. सगळे भाऊ असे असते तर मला घसा फोडावा लागला नसता." पुन्हा टाळ्या.

बाई बसली नाही. "नाव लागलं हो. पण घेतला का?"

आयोजकांनी आभार सुरू केले.

२० जानेवारी

आज शेहेचाळीस पूर्ण. स्टाफरूममध्ये केक कापला. जुन्या पेन्शनवाल्या बाई मला म्हणाल्या, "नूतन, तुला निवृत्तीनंतर काय गं?" केक खाता खाता विचारलं, जसं उद्या पाऊस आहे का विचारावं तसं.

मी २००८ला शाळेत लागले. म्हणजे जुनी पेन्शन नाही. आमच्यासाठी बाजारावर हलणारं काहीतरी आहे, ज्याचा आकडा कुणीच सांगत नाही. मूल नाही. नवरा सोडून वीस वर्षं होत आली. मी राहते त्या दोन खोल्या माझ्या आहेत, पण खोल्या जेवायला घालत नाहीत.

घरी येऊन ठरवलं. एक छोटा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्याने द्यायचा. आत्ता भाड्यापेक्षा हप्ता मोठा असेल, तो बारा वर्षं पगारातून ओढायचा. निवृत्तीच्या दिवशी कर्ज फिटलेलं, भाडं माझं.

आणि भाडेकरू एकटी बाईच ठेवायची. घटस्फोटानंतर मी जळगावात खोली शोधत होते तेव्हा प्रत्येक दारात एकच प्रश्न, "मिस्टर काय करतात?" एका म्हातारीने तर किल्ली हातात देऊन परत घेतली होती. त्या म्हातारीला माझ्या भाडेकरणीकडून उत्तर द्यायचंय.

६ फेब्रुवारी

बँक. समोर जितेंद्र नावाचा तरुण अधिकारी. माझं सिबिल बघून खूश झाला. मग विचारलं, "सहकर्जदार कोण, मिस्टर?"

मी त्याला दहा मिनिटं ऐकवलं. बाईची स्वाक्षरी अपुरी का वाटते, कुठल्या शतकात राहता. शेजारच्या काउंटरवरचे लोक वळून बघायला लागले. पोराने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरोबर आहे मॅडम. 'कोणी नाही' लिहितो. कॉलम भरावाच लागतो."

मग त्याने नीट समजावलं. चोवीस लाखांचा फ्लॅट असेल तर बँक अठरापर्यंत देईल. बाकीचे सहा माझे, त्याला मार्जिन म्हणतात. शिवाय स्टँप, नोंदणी, सोसायटीचं हस्तांतरण, असे दोनेक. आणि खोली रिकामी राहिली तर हप्ता भरायला सहा महिन्यांची तरतूद वेगळी. पतपेढीचं कर्ज काढून मार्जिन भरता येईल का विचारलं. "नको मॅडम, तेवढी पात्रता कमी होईल."

माझ्याकडे ठेवी आणि भिशी मिळून पाच होतात. तरतूद सोडली तरी तीन कमी.

२३ फेब्रुवारी

फ्लॅट सापडला. मालक लीलाधर चौधरी, दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त, आता नाशिकला मुलाकडे जायचंय. दुसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर, छोटी गॅलरी. नळाला पाणी आहे हे त्यांनी तोंडी न सांगता नळच सोडून दाखवला. मला माणूस आवडला.

गॅलरीत उभी राहिले. इथे एखादी नर्स, एखादी तलाठीण, एखादी नवऱ्याला सोडून आलेली संध्याकाळी कपडे वाळत घालेल आणि तिला कुणी काही विचारणार नाही. दोरी कुठे बांधता येईल ते बघितलं.

१६ मार्च

भाऊचा फोन. अभिमन माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शिंदखेड्याजवळ गावीच राहतो. हायवेलगतचं आमचं शेत एका पार्टीला प्लॉट पाडायला हवंय. भाव चांगला आहे. अडचण एकच, सातबाऱ्यावर दोन नावं.

"पार्टीले एकच सही पाहिजे, नूतन. तू हक्कसोड करी दे. पैसा उना का तुना हिस्सा तुले. अर्धा नं अर्धा. आखाजीले ये व बहीन, दोन दिन रहाले ये. कागदनं बी उरकी टाकूत."

अर्धा! माझं मार्जिन तर निघेलच, वर कर्जही कमी काढावं लागेल. फोन ठेवताना वहिनीने मागून घेतला. मंदावहिनी माझ्याशी कायम पुस्तकी मराठीत बोलतात, मी मास्तरीण म्हणून. सव्वीस वर्षांत ते अंतर काही गेलं नाही.

"ताई, यंदा ऊन फार आहे. आखाजीला नका येऊ."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खान्देशात कुठल्या लेकीला कुणी येऊ नको म्हणतं? वर्षातून एकदा माहेरचा झोका असतो. वाटा निघणार म्हटल्यावर वहिनीच्या पोटात दुखायला लागलं, दुसरं काय. मीच व्याख्यानात सांगते की भावजयीला दोष देऊ नका. पण काही भावजया त्या दोषाला पुरून उरतात.

२ एप्रिल

हेमांगीला विचारलं. माझी जुनी विद्यार्थिनी, आता वकिली करते. ती फोनवर ओरडलीच. "मॅडम, हक्कसोड कशाला? खरेदीखतावर तुम्हीही सही करा. चेक तुमच्या नावाने वेगळा निघेल. संपलं."

हे भाऊला सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या खात्यात एवढी रक्कम आली की चौकशी लागेल, बँकेचं कर्ज अडकेल. तो म्हणतो त्यात तथ्य असावं. हेमांगीला पुन्हा फोन केला नाही. तिला भाऊ नाही, तिला कळणार नाही.

२९ एप्रिल, गाव

सही झाली. शिंदखेड्याच्या कार्यालयात अंगठा, फोटो, सही. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालं होतं.

सकाळचं आधी लिहिते. वहिनी चुलीपाशी पुरण शिजवत होत्या. मी पाणी घ्यायला आत गेले. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. डाव पातेल्यात फिरत होता, आणि म्हणाल्या, "ताई, सही करू नका."

"का?"

"करायचीच असेल तर आधी लेखी घ्या."

माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, "वहिनी, भावाबहिणीत कागद आणायचा? आखाजीच्या आदल्या दिवशी? बाबांची घागर भरायच्या आधी?"

"तुम्हीच सांगता ना सगळ्यांना लेखी घ्या म्हणून. मी ऐकलंय तुमचं. मोबाईलवर. दोनदा."

"ते ज्यांचे भाऊ तसे असतात त्यांच्यासाठी आहे."

त्या पुरण घट्ट झालंय का बघत राहिल्या. आम्हा बहीणभावात फूट पडली तर त्यांना बरंच, हे मला तेव्हाच उमगलं.

तरी जीपमध्ये मी भाऊला हसत हसत म्हटलं, "एखादं साध्या कागदावर लिहून ठेवायचं का, अर्धं-अर्धं?" तो गाडी चालवत होता. गिअर बदलला. मग म्हणाला, "मी तुना भाऊ शे का बँक शे?" आणि त्याचे डोळे भरले. मी शरमेने मेले. नवऱ्याच्या दारातून माझं सामान काढायला हाच माणूस टेम्पो घेऊन आला होता. बघ्यांच्या गर्दीत माझी शिलाई मशीन एकट्याने उचलली होती. त्याच्याकडे कागद मागायचा?

३० एप्रिल, आखाजी

सकाळी भाऊने नवी घागर भरून बाबांना पाणी दिलं. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणपोळी, आमरस. "आबा, नूतन उनी शे," असं मोठ्याने सांगितलं. सगळ्यांसमोर मला पैठणी आणि सोन्याच्या दोन पाटल्या. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, असा भाऊ दिवा लावून शोधावा. मी शहाण्यासारखी रडले.

दुपारी शेताच्या बांधावरच्या निंबाला झोका बांधला. भाची मोनालीने मला उंच उंच ढकललं. वरून सगळं शेत दिसत होतं, हायवेपर्यंत. मोनालीने विचारलं, "आत्या, सही करताना काय वाटलं?" म्हटलं, "हलकं वाटलं." तिने झोका थांबवला.

वहिनी झोक्यावर आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणाल्या.

९ मे

लीलाधर चौधरींना विसार दिला. दोन लाख. हेमांगीने पावतीचा मसुदा केला. ३१ ऑक्टोबरपर्यंत खरेदी झाली नाही तर विसार बुडाला. चौधरी म्हणाले, "मॅडम, तारीख जवळची वाटते का? पुढची घालू." म्हटलं, गरज नाही. भाऊचे पैसे जूनपर्यंत येतील.

आज स्वतःला घरमालकीण म्हणून पाहिलं. आरशात, थोडा वेळ.

१४ जून

भाऊ कामासाठी जळगावला आला, जेवायला थांबला. कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. पार्टी अजून पैसे देत नाहीये म्हणाला. असेल, मोठे व्यवहार लांबतात.

माझ्या फ्लॅटबद्दल त्याने किती बारकाईने विचारलं! मार्जिन म्हणजे काय, किती टक्के लागतं, रोख चालतं का, पगाराच्या किती पट कर्ज मिळतं, भाडं कर्जात धरतात का, मोठ्या शहरात भाडं किती येतं. मी बँकेच्या कॅलेंडरच्या मागे सगळं लिहून दाखवलं. तो कॅलेंडरचं पान घडी करून खिशात घालून घेऊन गेला. शेतात राबणाऱ्या माणसाला बहिणीच्या घराची एवढी काळजी. मी बँकेत पोराला झापलं तसं लोकांनी मला झापायला हवं होतं, त्याच्याकडे कागद मागितल्याबद्दल.

९ ऑगस्ट, गाव

राखी. आनंदाची बातमी: भाऊच्या स्वप्नीलने पुण्यात फ्लॅट घेतला. नोकरी लागून दीड वर्ष झालं आणि घर! कंपनी मदत करते म्हणे. स्वतः मित्रांबरोबर राहतो, फ्लॅट भाड्याने देणार. पोराला अक्कल आहे. मी त्याला फोनवर सांगितलं, सहा महिन्यांची तरतूद बाजूला ठेव. तो अडखळत म्हणाला, "हो आत्या, बाबांनी सांगितलंय."

माझ्या पैशांचं विचारलं. भाऊ म्हणाला, "दिवाळी."

वहिनींनी निघताना पिशवीत मूग भरून दिले. माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं चुलीपाशचं ते वाक्य मी अजून मनात धरून बसलेय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भाऊ आला नाही. फोन उचलला नाही. संध्याकाळी मोनालीचा मेसेज, सगळे पुण्याला दादाच्या फ्लॅटच्या पूजेला गेलेत. मी ओवाळणीचं ताट झाकून ठेवलं.

३० ऑक्टोबर

चौधरींना मुदत मागितली. माणूस चांगला. "डिसेंबरअखेर. त्यापुढे मला नाही जमणार मॅडम, मुलाने नाशिकला शब्द दिलाय."

१५ नोव्हेंबर

आजच लिहिते.

दोंडाईच्याला व्याख्यान होतं. एसटीच्या डाव्या बाजूला खिडकीत बसले, आपलं शेत दिसेल म्हणून. दरवेळी तशीच बसते. कापूस वेचणीला आला असेल असं वाटलं होतं.

कापूस नव्हता. पांढऱ्या फक्कीच्या रेघा होत्या. मधोमध मुरमाचा रस्ता, दोन्हीकडे सिमेंटचे खुंट, रंगीत पताका. बाबांच्या विहिरीभोवती तारेचं कुंपण. कमानीवर कुठल्यातरी नगराचं नाव. झोक्याचा निंब होता जागेवर. त्याच्या बुंध्याला चुना लावून त्यावर मोबाईल नंबर रंगवला होता. काही प्लॉटवर "विकला गेला" अशा पाट्या. एका प्लॉटवर घराचा पाया छातीइतका आलेला.

पाया एका आठवड्यात छातीइतका येत नाही.

शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, हे कधी झालं. ती म्हणाली, "हाई? मे महिनापासून शे."

मे. सहीनंतर. पुण्याचा फ्लॅट कुठून आला, कॅलेंडरचं पान कशाला हवं होतं, रोख चालतं का, स्वप्नील का अडखळला. सगळं एसटीच्या त्या एका वळणात कळलं. मी मूर्ख नाही. मी वक्ता आहे. बोलणारा माणूस ऐकत नाही, एवढंच.

दोंडाईच्यात उतरले आणि बोलले. लेकीचा वाटा. पाऊण तास. कधी नव्हे इतकं चांगलं बोलले म्हणे. एक मुलगी रडत पाया पडायला आली. मी तिला वर उचललं नाही. हातच उचलला गेला नाही.

१६ नोव्हेंबर, गाव

परत जाताना उतरलेच.

भाऊ ओट्यावर होता. मला पाहून उठला नाही. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही, ते अख्ख्या गल्लीने ऐकलंय. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला ओळखतो, माझं बोलून संपेपर्यंत थांबायचं असतं हे त्याला माहीत आहे.

मग म्हणाला, "झायं? सही कोनी करी? कोनी तुना हात धरा व्हता का?"

"तू शब्द दिला होतास."

"तुनं सामान लेवाले टेम्पो लई कोन उन्था? कोर्टमा दोन साल तुनासंगे कोन गया? तेना हिशोब मी मांगा का कधी? पगारदार बाई तू, एकटी. तुले काय करना पैसा? माले पोऱ्या शे. आन पाटल्या दिध्या ना तुले."

सगळ्यात भयंकर हे की तो खोटं बोलत नव्हता. टेम्पो खराच होता. कोर्टातली दोन वर्षंही. वीस वर्षांपूर्वीच्या त्या उपकाराची किंमत त्याच्या मनात कधीच ठरून गेली होती, आणि मला वाटत होतं ती माया आहे. कदाचित दोन्ही होतं. तेच जास्त वाईट.

वहिनी पाणी घेऊन आल्या. पेला माझ्या हातात देताना हळूच म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." त्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. मार्चमध्ये मला आखाजीला येऊ नका म्हणणारी ही बाई. चुलीपाशी नवऱ्याच्या विरुद्ध दोन वाक्यं बोलणारी ही बाई, जिचं कुणी कधी भाषण ठेवलं नाही.

पाणी पिऊन निघाले. पाटल्या ओट्यावर काढून ठेवल्या. स्टँडवर येईपर्यंत मोनाली धावत आली आणि त्या माझ्या पिशवीत कोंबल्या. "आईने पाठवल्यात. म्हणाली, हे तरी सोडू नका."

२९ डिसेंबर

पाटल्या सराफाकडे मोडल्या. सगळं जमवलं तरी पुरेना. चौधरींना सांगून टाकलं. विसार बुडाला, पावतीत स्वच्छ लिहिलंय. मी उठले तर ते म्हणाले, "थांबा मॅडम." आतून चेक आणला. अर्धा विसार परत. "बाकीचा ठेवतो. माझे सात महिने गेले. पण सगळा ठेवला तर मला झोप लागणार नाही."

कागद होता त्या परक्याने अर्धं परत केलं. शब्द होता त्या सख्ख्याने स्वतःचं अर्धं ठेवून घेतलं, आणि वर माझंही.

फ्लॅट एका डॉक्टरने घेतला. तो तिथे दवाखाना करणार आहे.

१२ जानेवारी २०२६

चार ठिकाणची आमंत्रणं होती. घसा बसलाय म्हणून कळवलं. घसा ठणठणीत आहे.

२२ मार्च

आज दुपारी बेल वाजली. दारात भाऊ आणि वहिनी. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. भाऊच्या हातात द्राक्षांची पेटी. मी दार धरून उभी राहिले, मग वहिनींचा चेहरा बघून बाजूला झाले आणि चहा केला.

भाऊने घसा साफ केला. वहिनींचं माहेर चोपड्याकडे, केळीची जमीन. त्यांचे वडील डिसेंबरात गेले. आता दोघे भाऊ आखाजीच्या आत हक्कसोड मागताहेत. साडीचोळी करू म्हणतात.

"असं कसं देवानं व?" भाऊ तावातावाने म्हणाला. "कायदा शे ना. लेकीना हक्क जन्मथीन शे!"

माझंच वाक्य. शब्दन् शब्द. त्याच्या तोंडात ते इतकं सहज बसलेलं पाहून मी द्राक्षांची पेटी परत त्याच्याकडे सरकवली.

"तू चाल चोपड्याले. तेसनासमोर बोल. तुनागत कोनी बोलस नही. आन दुसरं," त्याने फाइल उघडली. "हाई मुखत्यारपत्र. ही माना नावले करी देई तं कोर्टकचेरी बठ्ठी मी देखसू. पन ही सहीच करत नही. पंधरा दिन झायात. हिले जरा समजाव, तुनं ऐकी ती."

म्हणजे माहेरचे म्हणतात आमच्या कागदावर सही कर, नवरा म्हणतो माझ्या कागदावर कर. आणि मला बोलावलंय ते ती कुठे करावी हे सांगायला.

वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. पदर नीट, हात मांडीवर. माझ्याकडे बघत होत्या. गेल्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे जसं बघायला हवं होतं तसं.

माझ्याकडे पंचवीस वर्षांची वाक्यं होती. मी वहिनींचंच वाक्य घेतलं. म्हटलं, "वहिनी, सही करू नका. त्यांच्याही नाही, ह्याच्याही नाही."

भाऊ उभा राहिला. "तू सूड लेस माना!"

"हो," मी म्हटलं. "पण त्यामुळे ते खोटं होत नाही."

तो वहिनींना म्हणाला, चाल. वहिनी म्हणाल्या, "चहा पिऊन येते." त्याने दार आपटलं. जिन्यावरून त्याच्या चपलांचा आवाज खाली गेला, मग जीपचा हॉर्न सुरू झाला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ.

"ताई, मी ते केव्हाच ठरवलंय," वहिनी म्हणाल्या. "सही नाही करणार. तुम्ही काय म्हणता तेवढं ऐकायला आले होते."

"मी मागे काय म्हणाले होते, चुलीपाशी—"

"असू द्या." त्यांनी बशीत चहा ओतला. हॉर्न वाजतच होता, त्यांनी घाई केली नाही. मग विचारलं, अगदी सहज, जसं लोणच्याला मीठ किती विचारावं तसं, "तुम्ही घेत होतात तसा छोटा फ्लॅट. वाटा मिळाला तर माझ्या एकटीच्या नावावर मिळेल का? बँक बाईला देते?"

"देते."

"मग पहिलं काय करायचं असतं?"

मला जितेंद्र आठवला, मार्जिन, सहा महिन्यांची तरतूद, सिबिल. कॅलेंडरचं ते पान आठवलं, जे मी स्वतः लिहून भावाच्या हातात दिलं होतं. खाली हॉर्न थांबला आणि जिन्यात चपला पुन्हा वर येऊ लागल्या.

"पहिलं," मी आवाज खाली आणत म्हटलं, "घरात कुणाला सांगायचं नाही."

वहिनींनी मान डोलावली आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.